१२ इंची पेपर आपल्या पानावर कसा बसवायचा: डिजिटल स्क्रॅपबुकच्या बॅकग्राउंडचा आकार बदलण्याची रीत

डिजिटल स्क्रॅपबुकचं किट (कॉम्प्युटरवर फोटोंची पानं सजवायचं साहित्य) डाउनलोड केलं की त्यात साधारण दोन प्रकारच्या फाइल निघतात. फुलं, रिबिनी, बटणं, टॅग असे सुटे तुकडे पीएनजीमध्ये असतात, कारण त्यांच्याभोवतीचा भाग पारदर्शक लागतो. पानाच्या तळाशी अंथरायची बॅकग्राउंड जेपीजीमध्ये असतात आणि त्यांना सगळे सरळ ‘पेपर’ म्हणतात. हे पेपर बहुतेक वेळा १२ बाय १२ इंचांचे आणि ३०० पीपीआयचे (एका इंचात ३०० पिक्सेल) असतात, म्हणजे ३६०० बाय ३६०० पिक्सेल. कागदी स्क्रॅपबुकमधलं १२ इंची चौरस पान डिजिटलमध्येही तसंच टिकलं.

आपलं पान मात्र दरवेळी तेवढंच नसतं. कुणाला ८ इंची चौरस फोटोबुक करायचं असतं, कुणाला ए४ वर छापायचं असतं, कुणाला ५ बाय ७ चं कार्ड हवं असतं. अशा वेळी नवीन माणूस पेपर पानावर आणतो आणि कोपरा धरून पानाच्या कडांपर्यंत ओढतो. पेपर बसतो, पण त्यावरचे गोल ठिपके लंबगोल होतात आणि चौकडीचे चौकोन उभट दिसायला लागतात. काय चुकलंय हे पटकन कळत नाही, पान मात्र डोळ्यांना खटकत राहतं.

फोटोचा आकार बदलणं आणि पेपरचा आकार बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. फोटोतलं सगळं दिसायला हवं, म्हणून तो अख्खा लहान करतात. पेपरचं तसं नाही. पेपरचा अर्धा भाग कापला तरी कुणाच्या लक्षात येत नाही, पण नक्षी ताणली किंवा फार बारीक झाली की लगेच जाणवतं. शिंपी कापड जास्त आहे म्हणून त्यावरची फुलं लहान करत नाही, हवं तेवढं कापून घेतो. तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये कोणताही आकडा टाकायच्या आधी स्वतःला विचारा: मला नक्षी लहान हवी आहे, की फक्त पेपर लहान हवा आहे? पुढची सगळी पावलं या उत्तरावर ठरतात.

आधी पिक्सेलचा हिशेब

इंच गुणिले पीपीआय म्हणजे पिक्सेल. छपाईसाठी ३०० पीपीआय धरायचं. नेहमी लागणारी मापं अशी: ८ बाय ८ इंच म्हणजे २४०० बाय २४००, ६ बाय ६ म्हणजे १८०० बाय १८००, ५ बाय ७ म्हणजे १५०० बाय २१००, ८ बाय १० म्हणजे २४०० बाय ३०००. ए४ हे २१० बाय २९७ मिलिमीटर असतं, त्याचे साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतात. ही यादी एका कागदावर लिहून कॉम्प्युटरजवळ ठेवा, सतत लागते.

एक गोंधळ इथेच सोडवून टाकू. कधी कधी पेपर उघडल्यावर सॉफ्टवेअर त्याचा आकार ५० बाय ५० इंच दाखवतं. पेपर अवाढव्य नसतो. फाइलवर ७२ पीपीआय अशी नोंद असते आणि ३६०० भागिले ७२ म्हणजे ५०. पिक्सेल तेवढेच असतात. फोटोशॉपमध्ये ‘इमेज’ मेनूतून ‘इमेज साइझ’ उघडा, ‘रीसॅम्पल’समोरची खूण काढा आणि रिझोल्यूशनच्या रकान्यात ३०० लिहा. इंच आपोआप १२ होतील आणि एकही पिक्सेल बदलणार नाही. गिंपमध्ये (हे फोटोशॉपसारखंच, पण मोफत सॉफ्टवेअर) हेच काम ‘इमेज’ मेनूतल्या ‘प्रिंट साइझ’मधून होतं. ‘रीसॅम्पल’ची खूण म्हणजे ‘पिक्सेल नव्याने तयार करायला परवानगी’, एवढं लक्षात ठेवलं की त्या खिडकीची भीती वाटत नाही.

मूळ पेपरला हात लावायचा नाही

फाइल उघडली की पहिल्यांदा तिची प्रत काढा. फोटोशॉपमध्ये ‘इमेज’ मेनूत ‘डुप्लिकेट’ आहे, गिंपमध्येही ‘इमेज’ मेनूतच आहे. प्रत उघडली की मूळ फाइल बंद करा. लहान केलेला पेपर चुकून मूळ नावानेच सेव्ह झाला तर गेलेले पिक्सेल परत येत नाहीत.

चौरसाचा लहान चौरस

१२ इंची पेपर ८ इंची पानावर बसवायचा आहे असं धरू. पहिली रीत अख्खा पेपर लहान करण्याची. फोटोशॉपमध्ये ‘इमेज साइझ’ उघडा, ‘रीसॅम्पल’ची खूण ठेवा, रुंदी आणि उंचीमधली साखळी जोडलेली आहे हे पाहा, रुंदीत २४०० पिक्सेल लिहा आणि ओके करा. फोटोशॉप एलिमेंट्समध्ये (फोटोशॉपची छोटी आवृत्ती) ही खिडकी ‘इमेज’ मेनूतल्या ‘रीसाइझ’खाली मिळते. गिंपमध्ये ‘इमेज’, मग ‘स्केल इमेज’.

‘रीसॅम्पल’शेजारच्या यादीत बायक्यूबिकचे, म्हणजे नवे पिक्सेल कसे काढायचे त्या पद्धतीचे, प्रकार असतात. लहान करताना ‘बायक्यूबिक शार्पर’ घ्या असं तिथेच सुचवलेलं असतं आणि साध्या पोताच्या पेपरला ते चांगलं जमतं. बारीक रेघांच्या किंवा चौकडीच्या पेपरला मात्र त्याने कडा जास्त टोकदार होतात, तिथे मी साधं बायक्यूबिकच घेते. गिंपमध्ये ‘क्यूबिक’ ठेवा, आणि पेपर निम्म्याहून लहान करायचा असेल तर ‘लोहॅलो’.

दुसरी रीत कापण्याची. इथे आधी पान तयार करायचं: नवी फाइल, २४०० बाय २४०० पिक्सेल, ३०० पीपीआय. मग पेपरची फाइल उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि नव्या पानावर पेस्ट करा. गिंपमध्ये त्यापेक्षा ‘फाइल’ मेनूतलं ‘ओपन अ‍ॅज लेयर्स’ सोयीचं पडतं (लेयर म्हणजे पानावर एकावर एक ठेवलेले सुटे थर). पेपर पानापेक्षा मोठा असल्यामुळे चारही बाजूंनी बाहेर जातो, आणि याच गोष्टीचा फायदा घ्यायचा. मूव्ह टूलने तो इकडेतिकडे सरकवून नक्षीचा हवा तो भाग पानावर आणा. कोपऱ्यातली वेल हवी असेल तर ती आणा, मधला मोकळा भाग हवा असेल तर तो. नक्षीचा आकार तसाच राहतो आणि बाहेरचा भाग पुसलाही जात नाही, उद्या मन बदललं तर पुन्हा सरकवता येतो.

फोटोशॉपमध्ये ‘प्लेस’ वापरून पेपर आणलात तर तो सहसा आपोआप पानाच्या मापात आक्रसून बसतो. पर्यायपट्टीत टक्केवारी दिसते, तिथे १०० लिहा. क्रॉप टूलचंही तसंच. त्याच्या पट्टीत ८ इंच, ८ इंच आणि ३०० असं भरलं की चौकटीत जे येईल ते सगळं तो २४०० पिक्सेलमध्ये बसवतो, म्हणजे कापता कापता लहानही करतो. निव्वळ कापायचं असेल तर ‘कॅनव्हास साइझ’मध्ये २४०० लिहा. कापला जाईल अशी सूचना येईल, तिला होकार द्या. गिंपच्या क्रॉप टूलमध्ये ‘फिक्स्ड’ची खूण करून ‘साइझ’ निवडलं की नेमकं माप कापता येतं.

दोन्हींपैकी कुठली रीत घ्यायची? मूळ पेपरवर अर्ध्या इंचाचे ठिपके आहेत असं समजा. अख्खा पेपर लहान केला तर ८ इंची पानावर ते एक तृतीयांश इंचाचे होतील. पान लहान, फोटो लहान, ठिपकेही लहान, हे शोभून दिसतं. पण मूळ ठिपके आधीच एक अष्टमांश इंचाचे असतील तर लहान झाल्यावर छापलेल्या पानावर नुसती गिचमिड दिसते आणि फोटो त्यात हरवतो. तिथे कापावं. मोठ्या फुलांचे, मोठ्या चौकड्यांचे पेपर लहान करावेत, बारीक नक्षीचे कापावेत, हा माझा सर्वसाधारण कौल. मधला मार्गही आहे आणि मला तो फार आवडतो: पेपर आधी ३००० पिक्सेलवर आणायचा, मग त्यातून २४०० कापायचा. नक्षी थोडी लहान होते, पण जीव जात नाही.

कुठलीही रीत घेतली तरी निकाल १०० टक्के झूमवर पाहा. अख्खं पान पडद्यावर मावावं म्हणून झूम ३३ टक्के असतं, तेव्हा बारीक रेघांमध्ये लाटा, पट्टे दिसू शकतात. १०० टक्क्यांवर ते गेले तर फाइल ठीक आहे. १०० टक्क्यांवरही राहिले तर लहान करताना नक्षी खरोखर बिघडली आहे. मागे जा आणि कापण्याची रीत वापरा.

चौरसाचा आयत

ए४ चं पान २४८० बाय ३५०८. पेपर ३६०० चा चौरस. उंची जवळपास सारखी आहे, रुंदीत मात्र ११२० पिक्सेल जास्त आहेत. साध्या नक्षीच्या पेपरला वरचीच कापण्याची रीत लावा, दोन मिनिटांत काम होतं. ताणणं हा पर्याय जवळजवळ नाहीच. एका दिशेने दोन-तीन टक्के फरक कुणाला दिसत नाही, नुसत्या पोताच्या पेपरमध्ये पाच टक्केही खपून जातात. त्यापुढे नाही.

खरी परीक्षा चारही कडांना किनार असलेल्या पेपरची. तो कापला की एका बाजूची किनारच जाते आणि ओढला की उभी किनार बारीक, आडवी जाड होते. अशा पेपरसाठी मधला भाग काढून दोन बाजू जोडायच्या. हे एकदा हाताला बसलं की किटमधला कुठलाही पेपर अडत नाही, म्हणून सावकाश सांगते.

१. पेपर सगळ्या बाजूंनी सारखा लहान करून ३५०८ बाय ३५०८ करा. आता उंची ए४ इतकी झाली.

२. २४८० बाय ३५०८ चं नवं पान उघडा.

३. पेपरवर आयताकृती सिलेक्शन टूल घ्या. पर्यायपट्टीत ‘फिक्स्ड साइझ’ निवडून रुंदी १२४० पिक्सेल आणि उंची ३५०८ पिक्सेल लिहा. आकड्यासोबत पिक्सेल हे एकक नीट टाका. पेपरच्या डाव्या कडेला क्लिक करून डावी पट्टी निवडा, कॉपी करा, नव्या पानावर पेस्ट करा आणि डाव्या कडेला चिकटवा.

४. तेच सिलेक्शन पेपरच्या उजव्या कडेला नेऊन उजवी पट्टी कॉपी करा आणि पानाच्या उजव्या कडेला बसवा. १२४० आणि १२४० मिळून २४८० झाले, दोन्ही पट्ट्या मधोमध भेटतात. मूळ पेपरचा मधला १०२८ पिक्सेलचा भाग गळला आणि चारही किनारी शाबूत राहिल्या.

५. झूम करून सांधा पाहा. जलरंगाच्या किंवा जुन्या कागदाच्या पोतावर बारीक रेघ दिसेल. वरच्या लेयरमधल्या, म्हणजे नंतर पेस्ट केलेल्या पट्टीची आतली कड मऊ खोडरबरने हलकेच पुसायची असेल तर त्या पट्टीची रुंदी आधीच ६०-७० पिक्सेल जास्त घ्या, म्हणजे खाली दुसरी पट्टी असेल आणि भोक पडणार नाही. नाहीतर क्लोन टूलने (शेजारचा भाग उचलून उमटवणारं साधन) सांधा झाका. पानाच्या मध्यावर मोठा फोटो येणारच असेल तर फक्त फोटोच्या वर आणि खाली उरणारा सांधा नीट केला तरी पुरतं.

६. दोन्ही लेयर एक करा.

किनार नक्षीदार असेल तर सांध्याजवळ नीट बघायला हवं. समजा, किनारीला अर्धगोल कंगोरे आहेत आणि ३५०८ च्या पेपरवर एका कंगोऱ्याची रुंदी १०० पिक्सेल भरते. मधून १०२८ काढले तर दहा कंगोरे आणि वर २८ पिक्सेलचा तुकडा जातो, म्हणून सांध्यावर एक कंगोरा मोडका दिसतो. त्याऐवजी बरोबर १००० काढा, म्हणजे प्रत्येकी १२५४ पिक्सेलच्या दोन पट्ट्या घ्या. त्या जोडून २५०८ ची रुंदी मिळेल. मग साखळी तोडून फक्त रुंदी २४८० करा. हा फरक एक टक्क्याच्या आसपास आहे, तो दिसत नाही, आणि कंगोरे अखंड राहतात. चौकडीच्या आणि पट्ट्यापट्ट्यांच्या पेपरलाही हाच नियम: काढायचा भाग नक्षीच्या एका फेऱ्याच्या पटीत असला पाहिजे.

पेपर पुरत नसेल तेव्हा

समोरासमोरची दोन पानं एकत्र करायची असतील तर २४ बाय १२ इंच, म्हणजे ७२०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. इथे पेपर मोठा करण्याऐवजी तोच दोनदा वापरावा. पेपर कडांशी जुळणारा आहे का हे आधी तपासा. फोटोशॉपमध्ये ‘फिल्टर’, ‘अदर’, ‘ऑफसेट’ उघडून आडवे आणि उभे १८०० पिक्सेल द्या आणि ‘रॅप अराउंड’ निवडा. गिंपमध्ये ‘लेयर’ मेनूत ‘ट्रान्सफॉर्म’खाली ‘ऑफसेट’ आहे. आता पेपरच्या कडा मध्यभागी आल्या. तिथे अधिकच्या चिन्हासारखा सांधा दिसला नाही तर पेपर एकाशेजारी एक बिनधास्त मांडा.

सांधा दिसला तर दुसरी प्रत आडवी उलटवा, म्हणजे डाव्याचं उजवं करा, आणि मग शेजारी लावा. मधल्या रेघेवर दोन्हीकडे तेच पिक्सेल येतात, त्यामुळे जोड बेमालूम होतो. लाकूड, तागाचं कापड, जलरंग, शाईचे डाग यांना हे छान जमतं. पेपरवर अक्षरं असतील तर अर्थातच नाही. एका बाजूने सावली पडलेली दाखवली असेल तरी टाळा, उलटवलेल्या भागात सावली विरुद्ध दिशेला जाते.

आणि खरोखर मोठा करायचाच असेल तर? आधी गरज आहे का ते पाहा. ३६०० पिक्सेलचा पेपर १६ इंचांवर छापला तर २२५ पीपीआय मिळतात आणि बॅकग्राउंडसाठी ते चांगले आहेत. अशा वेळी ‘रीसॅम्पल’ची खूण काढून फक्त इंच बदला. अडचण येते ती १२०० पिक्सेलच्या लहान पेपरची. १२ इंचांवर तो १०० पीपीआयचा होतो आणि छापल्यावर धूसर दिसतो. त्याला मुख्य बॅकग्राउंड करण्याचा हट्ट धरू नका. ३०० पीपीआयवर तो ४ इंचांचा उत्तम पेपर आहे, फोटोच्या मागे चौकटीसारखा लावा, तिथे तो खुलतो. मऊ जलरंगाचा किंवा ढगाळ छटांचा पेपर दुप्पट केला तर फारसं बिघडत नाही. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्यांत ‘प्रिझर्व्ह डीटेल्स २.०’ घ्या आणि वरून दोन-तीन टक्के नॉइज (बारीक दाणे) टाका, म्हणजे गुळगुळीत झालेल्या पेपरला थोडा कागदी पोत परत येतो.

छपाईसाठी कडेची जागा

छापल्यानंतर पान कापलं जातं, म्हणून कडेबाहेर थोडी जास्तीची नक्षी लागते. फोटोबुक छापणारे किती जागा हवी ते सांगतात. चारही बाजूंना एक अष्टमांश इंच सांगितलं असेल तर १२ इंची पान १२.२५ इंचांचं, म्हणजे ३६७५ पिक्सेलचं होतं. त्यासाठी ३६०० चा पेपर जेमतेम दोन टक्के वाढवावा लागतो, तो बेलाशक वाढवा. हे काम पानावर फोटो मांडायच्या आधी करायचं. नंतर केलं तर कडेजवळची अक्षरं कापणीच्या रेषेत सापडतात.

तयार पान लहान करताना

पेपरवर फोटो, फुलं, सावल्या सगळं मांडून झाल्यावर अख्खं पान लहान करायची वेळ येते, बहुतेकदा ऑनलाइन टाकण्यासाठी. लेयरची फाइल लहान करायला गेलात तर सावल्या दगा देऊ शकतात: फुलं लहान होतात, सावली आधीइतकीच जाड राहते आणि सगळं हवेत तरंगल्यासारखं दिसतं. फोटोशॉपच्या ‘इमेज साइझ’मध्ये कोपऱ्यातल्या चाकाच्या चिन्हाखाली ‘स्केल स्टाइल्स’ आहे, त्याची खूण असू द्या. त्याहून सोपं म्हणजे पानाची प्रत काढा, सगळे लेयर एकत्र करा आणि मग ३६०० चे १२०० करा. शेवटी रंगांची व्यवस्था एसआरजीबी (पडद्यासाठीची नेहमीची) आहे ना ते तपासा, नाहीतर ब्राउझरमध्ये रंग फिके पडतात.

सेव्ह करताना काम चालू असलेली फाइल फोटोशॉपच्या पीएसडीत किंवा गिंपच्या एक्ससीएफमध्ये ठेवा. गिंपमध्ये ‘सेव्ह’ फक्त एक्ससीएफच करतं, जेपीजीसाठी ‘एक्सपोर्ट अ‍ॅज’ वापरावं लागतं. जेपीजी प्रत्येक वेळी सेव्ह करताना थोडा तपशील गमावतो, म्हणून तो अगदी शेवटी एकदाच काढा. फोटोशॉपमध्ये गुणवत्ता १० ते १२, गिंपमध्ये ९० च्या वर.

सगळं किट एकदम बदलायचं असेल तर

फोटोशॉपमध्ये ‘फाइल’ मेनूत ‘स्क्रिप्ट्स’खाली ‘इमेज प्रोसेसर’ आहे, एलिमेंट्समध्ये ‘प्रोसेस मल्टिपल फाइल्स’. दोन्ही नसतील तर इरफानव्ह्यू किंवा एक्सएनकन्व्हर्टने अख्खा फोल्डर बदलता येतो. निकालासाठी नेहमी वेगळा फोल्डर द्या आणि फाइलच्या नावाला माप जोडा, जसं ‘निळे-ठिपके-२४००’, म्हणजे पुढे मूळ कोणता आणि लहान कोणता याचा शोध घ्यावा लागत नाही. मात्र या घाऊक कामात फक्त साध्या रंगाचे, पोताचे आणि मोठ्या नक्षीचे पेपर टाका. बारीक नक्षीचे आणि किनारीचे बाजूला काढून एकेक करून हाताने करा, त्यांना तेवढा वेळ द्यावाच लागतो.